साष्टी बेटावरील फुलपाखरू निरीक्षण

ठाण्याच्या येऊर आणि ओवळा परिसरात पायी हिंडून फुलपाखरे व इतर लहान जीव पाहण्याचा छंद. जुने ठाणे आणि येऊरचे डोंगर साष्टी बेटावर आहेत, हे ठाणेकरांच्याही सहसा ध्यानात येत नाही. कळव्याचा पूल ओलांडताना आपण बेट सोडतोय असे कुणाला वाटत नाही. बेटाच्या मधोमध सुमारे १०४ चौ. किमी.चे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असून येऊर हा त्याचा ठाण्याकडील भाग होय.

पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, हा उत्तम काळ. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. त्यामुळे वाटेवर ऊन उतरले की पंख पसरून बसलेली फुलपाखरे अगदी जवळून पाहता येतात. ओलसर मातीवर नरांचे घोळके क्षार शोषताना दिसतात. खुळखुळा या रानझुडपाच्या वाळक्या फांद्यांना ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरे लगडतात, ती मात्र मधासाठी नव्हे. त्या झुडपातील अल्कलॉइड नावाच्या रसायनांपासून नर मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात.

फुलांपेक्षा पानांकडे लक्ष दिल्यास अधिक सापडते, कारण बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक वनस्पतीच खातात. प्लेन टायगर या फुलपाखराची अळी रुईवर वाढते व रुईचे विष अंगात साठवते. म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते. याच कुळातला कढीपत्ता तर घराघरांतल्या कुंडीत असतो. त्यावर लाइम किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखरांची अळी हमखास मिळते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी. काडीने हलकेच डिवचले की डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा तांबूस-नारिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. पाने कुरतडलेली दिसताच सोसायट्यांमध्ये औषध फवारले जाते, हे फार वाईट आहे. चार पाने गेली तरी झाड पुन्हा फुटते.

घोडबंदर रस्त्यालगत ओवळा गावातील ओवळेकर वाडी ही याच जाणिवेतून फुललेली खासगी बाग. तिथे जाळी नाही, पिंजरा नाही. अळ्यांची खाद्यझाडे आणि मधाची फुलझाडे लावली, फुलपाखरे आपणहून आली. लहान मुलांना प्रथम इथेच न्यावे.

येऊरच्या वाटांवर आडव्या आलेल्या जाळ्यांत तळहाताएवढी जायंट वुड स्पायडर या कोळ्याची मादी असते. तिच्याच जाळ्यात वावरणारा नर इतका चिमुकला, की तो तिचे पिल्लू वाटतो. पावसाळ्यात क्वचित ॲटलस पतंग आढळतो. त्याच्या पंखांचा विस्तार २४ सें.मी.पर्यंत भरतो. प्रौढावस्थेत तो काहीच खात नाही, अळीपणी साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगतो. खोडावर बसलेला दिसला तर लांबूनच पाहावा.