सोन्याचं नाणं घेण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जांभळी नाका, ठाणे

गुरुपुष्य किंवा दसरा जवळ आला की पेढीवर एक प्रश्न हमखास येतो: "दागिना नको, नुसतं सोनं हवंय. वेढणी घेऊ, बिस्किट घेऊ की नाणं?" घोडबंदर रोडवर नवं घर घेतलेली जोडपी हे विचारतात, नौपाड्यातली निवृत्त मंडळीही विचारतात. आमचं मत सरळ आहे. गुंतवणुकीसाठी नाणं उत्तम, पण घेण्याआधी एवढं विचारा, की हे नाणं उद्या परत कोण घेईल आणि कोणत्या भावाने घेईल? नाण्याची खरी किंमत या उत्तरात असते, आणि म्हणूनच नाण्यांचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा.

नाण्यावरच्या ठशावर विश्वास ठेवून सोनं साठवणं आपल्याला नवं नाही. आजीच्या पुतळ्यांच्या माळेत कधीकधी अस्सल जुन्या पुतळ्या निघतात. ते म्हणजे इटलीतल्या व्हेनिस या जुन्या राज्याचं डुकाट नावाचं सोन्याचं नाणं. हे नाणं १२८४ साली सुरू झालं आणि १७९७ मध्ये ते राज्य संपेपर्यंत पाडलं जात होतं. साडेतीन ग्रॅम वजन, जवळजवळ शुद्ध सोनं, आणि पाचशे वर्षांत कस घसरला नाही. व्हेनिस कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या बाजारातही ते म्हणूनच चाललं. (आजच्या माळांमधल्या पुतळ्या मात्र बहुतेक सोनारी ठशाच्या असतात. माळ मोडायला आणाल तेव्हा आधी एकेक पुतळी तपासून घ्या.)

ज्याला आपण गिन्नी म्हणतो ते ब्रिटिश सॉव्हरिन १८१७ पासूनचं आहे. वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. या गिन्न्या मुंबईतही पाडल्या गेल्या आहेत. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोनं नेणं धोक्याचं झालं होतं. त्या काळात लंडनच्या टांकसाळीची शाखा मुंबईत उघडली आणि १९१८ सालच्या सुमारे तेरा लाख गिन्न्या इथे तयार झाल्या. ओळखायची खूण बारीक आहे. घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणाऱ्या सेंट जॉर्जच्या खाली, सालाच्या जरा वर जमिनीवर इंग्रजी 'आय' हे अक्षर दिसतं. घरात गिन्नी असेल तर भिंग घेऊन जरूर पाहा. आपल्या मुंबईत पाडलेलं नाणं ठाण्यातल्या एखाद्या घराच्या डब्यात निघतं, याचं आम्हाला आजही अप्रूप वाटतं.

पण ही सगळी नाणी मुळात चलन म्हणून निघाली. केवळ गुंतवणुकीसाठीचं पहिलं आधुनिक नाणं म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड, साल १९६७. देशातल्या खाणींचं सोनं जगभरच्या सामान्य माणसाला विकता यावं म्हणून ते काढलं. त्यावर रकमेचा आकडाच नाही, त्याची किंमत त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने ठरते. नाण्यात बरोबर एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३ ग्रॅम शुद्ध सोनं असल्यामुळे हिशेबही सोपा. अमेरिकेत १९३३ पासून लोकांना सोनं साठवायला बंदी होती, ती १९७४ च्या अखेरीस उठली आणि क्रुगरँडला मोठी बाजारपेठ मिळाली. पुढे वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ अमेरिकेने १९८५ मध्ये त्याची आयात थांबवली. तोवर कॅनडाचं मेपल लीफ १९७९ मध्ये आलं होतं, चीनचा पांडा १९८२ मध्ये. मग अमेरिकेचं ईगल १९८६ मध्ये, ब्रिटनचं ब्रिटानिया १९८७ मध्ये आणि ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक १९८९ मध्ये निघालं.

यातली गोष्ट ज्यांचे नातेवाईक परदेशी आहेत त्यांनी नीट लक्षात ठेवावी. क्रुगरँड आणि ईगल २२ कॅरेटचे असले तरी त्यात सोनं कमी नसतं. मजबुतीसाठी मिसळलेला धातू वरून घातलेला असतो, त्यामुळे अख्ख्या नाण्याचं वजन ३३.९३ ग्रॅम भरतं आणि आत शुद्ध सोनं पूर्ण एक औंसच राहतं. मेपल लीफ ९९९.९ शुद्धतेचं, वजन ३१.१ ग्रॅम. दोन्हींतलं सोनं सारखंच. "बावीसचं आहे" म्हणून कुणी औंसावर २२ कॅरेटचा भाव लावू लागला, तर नाणं काट्यावर ठेवायला सांगा. आणखी एक, परदेशातून येताना दागिन्यांवर मिळणारी शुल्कमाफी नाण्यांना लागू नाही. नाणं कस्टम्सकडे जाहीर करून शुल्क भरावं लागतं. त्याची पावती जपून ठेवा.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं, त्याला कारण आहे. १९६३ चे सुवर्ण नियंत्रण नियम आणि १९६८ चा कायदा यांमुळे लगडी-बिस्किटांच्या रूपात सोनं घरी ठेवायला बंदी होती. कायदा १९९० मध्ये रद्द झाला. घरातली बचत पाटल्या-बांगड्यांत गेली त्याला हेही एक कारण. 'इंडियन गोल्ड कॉइन' हे भारताचं राष्ट्रीय सुवर्णनाणं नोव्हेंबर २०१५ मध्ये, धनत्रयोदशीच्या तोंडावर आलं. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी. ५ आणि १० ग्रॅमची नाणी, २० ग्रॅमची लगड, ९९९ शुद्धता, हॉलमार्क आणि सीलबंद पॅक. ते चलन नाही, पण सोनं म्हणून त्याच्या मागे देशाचं नाव आहे.

आता पैशांचं बोलू. हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. १० ग्रॅमचं नाणं, सोनं १,००,००० रुपयांचं, घडणावळ २ टक्के धरली तर १,०२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी ३,०६०. बिल १,०५,०६०. तेच नाणं लगेच विकायला आणलं आणि घेणाऱ्याने १ टक्का कापला, तर हातात ९९,०००. म्हणजे भाव सहा टक्क्यांहून थोडा जास्त वाढेल तेव्हा तुमचे पैसे सुटतील. याच हिशेबाने १२ टक्के घडणावळीच्या दागिन्याचं बिल १,१५,३६० होतं. दागिना अंगावर घालायला घ्यावा, तो आनंद वेगळा. गुंतवणूक म्हणून नाही. एक ग्रॅमची नाणी भेट म्हणून छान, पण त्यांची घडणावळ ग्रॅममागे जास्त पडते. साठवायचंच असेल तर थोडं थांबून ५ किंवा १० ग्रॅमचं घ्या.

बँकेतून नाणं घेणाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो, की बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. त्यामुळे विकायला शेवटी सराफाकडेच यावं लागतं, आणि तिथे सीलबंद पॅक व बिल दोन्ही हवं. पॅक फोडू नका. गिन्नीला कडी जोडून पदक करू नका, कारण नाणं म्हणून मिळणारी जास्तीची किंमत जाते आणि फक्त मोडीचा भाव उरतो. जुनं नाणं घासूनपुसून चकचकीतही करू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते मुलांकडे परदेशी पाठवता येत नाही. आणि 'शिवरायांचा होन' म्हणून कुणी अनोळखी माणूस काही विकायला आला, तर कृपा करून घेऊ नका. १६७४ च्या राज्याभिषेकावेळचे अस्सल होन अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि महाराजांच्या नावावर लोक भावनेच्या भरात फसतात याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

खोट्या नाण्यांत सगळ्यात घातक टंगस्टनची. टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याच्या जवळपास तितकीच असते, त्यामुळे वजनाने ती पकडता येत नाहीत, आणि कॅरेट मोजायचं मशीन वरचाच थर वाचतं. म्हणून परदेशी नाण्याचं आम्ही वजन, व्यास आणि जाडी तिन्ही मोजतो. तरीही शंका राहिली तर तुमच्या परवानगीने पुढची तपासणी करतो.

दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतं, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम आम्हाला रोखीने घेता येत नाही. सध्याच्या नियमाप्रमाणे २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेलं सोनं विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकलं तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. नाण्यांवर बँकेचं कर्ज एका कर्जदाराला ५० ग्रॅमपर्यंतच मिळतं, बिस्किटांवर मिळत नाही.

घरातलं नाणं दाखवायला आणाल तेव्हा ते आहे तसंच आणा, बिल असेल तर सोबत घ्या. वजन आणि टंच, म्हणजे शुद्धतेची तपासणी, तुमच्या समोरच होईल. नुसतं दाखवायला आलात तरी चालेल, विकलंच पाहिजे असं नाही.