पोटखराब्यातला चंडोल

नाशिकचे पक्षीवेडे रविवारी पहाटे निघाले की गाडी नांदूर मधमेश्वरलाच जाते. बदकं, करकोचे, रोहित. शिवाय 2019 पासून रामसर यादीतलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं, नाव. तिथून पूर्वेला येवल्याच्या माळावर कुणी गेलंच, तर ममदापूरची काळवीटं पाहायला. पायाशी, मुरमाच्याच रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला साईक्सचा चंडोल बसलेला असतो, पण त्याच्यासाठी वाट वाकडी कोण करणार! खरं तर गाणं ऐकावं ते याचंच. आभाळात चढून गाताना तो दुसऱ्या पक्ष्यांच्या लकबी बेमालूम उचलतो.

हा दख्खनचा आणि भारतीय द्वीपकल्पाचाच पक्षी, बाहेर कुठे सापडत नाही. त्याला शास्त्रीय नाव दिलं कर्नल विल्यम साईक्स यांनी, 1832 मध्ये, दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना. गंमत अशी की साईक्स मुळात पक्षीशास्त्रज्ञ नव्हेत. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्यांना नेमलं ते मुलखाची आकडेवारी जमवायला.

त्याच काळात कंपनी सरकार जमिनी मोजून प्रतवारी लावत होतं. जिथे नांगर चालतो ती जमीन साऱ्याची. मुरूम, खडक आणि कुसळी गवताचा माळ हिशेबाबाहेर. सातबाऱ्यावर तो शब्द आजही आहे: पोटखराबा. चंडोलाचा पत्ता हाच. धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या जिथे चरल्या, तो माळ कागदावर मात्र खराब!

त्यातूनच एक समज रुजला की माळ म्हणजे तोडलेलं जंगल. इगतपुरीत पाऊस कोसळतो आणि येवल्यापर्यंत येता येता ढग रिकामे होतात, हे त्यात कुणी धरलं नाही. विरळ हिवर-बाभळी आणि मधे गवत, हे इथलं मूळचंच रूप. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी ओव्या आणि कथांमधले झाडांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं किमान 750 वर्षं जुनी आहेत, असं त्यातून निघालं.

ममदापूरला 2014 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो काळविटांमुळे. बाकीच्या माळांवर अजूनही पावसाळा आला की रोपांसाठी ओळीने खड्डे पडतात. चंडोलाची मादी याच दिवसांत गवताच्या थोंबाखाली, दगडाच्या आडोशाने, जमिनीवरच घरटं करते.