घराबाहेर न पडलेल्या पिल्लाला जंत कुठून होतात?

"पिल्लू अजून घराबाहेर पडलेलं नाही, आईच्या दुधाशिवाय त्याच्या पोटात काही गेलेलं नाही, मग त्याला जंत कसे होतील?" पशुवैद्यकीय तंत्रज्ञाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाला कधी ना कधी तोंड द्यावे लागते. वरवर पाहता तर्क बिनतोड आहे. पण कुत्र्यांमधला गोलकृमी, टॉक्सोकॅरा कॅनिस, त्याला पुरून उरतो. पिल्लाला त्याची लागण बहुतेक वेळा जन्माच्या आधीच झालेली असते.

या कोड्याने मोठमोठ्या अभ्यासकांनाही चकवले होते. मांसात दिसणाऱ्या अळ्या आपोआप निर्माण होत नाहीत, माशांच्या अंड्यांतून येतात, हे इटालियन वैद्य फ्रान्चेस्को रेडीने १६६८ मध्ये दाखवून दिले. तरीही आतड्यातले जंत शरीरातच तयार होतात, ही समजूत पुढे दीडशे वर्षे टिकली. कृमिशास्त्राचा पाया घालणाऱ्या कार्ल रुडोल्फीचेही मत तेच होते. त्या बाजूचा एक जोरदार पुरावा म्हणजे न जन्मलेल्या गर्भातही जंत सापडत. बाहेरून काही आत जायला वाटच नाही, तर ते तिथे आले कसे?

आता वाट ठाऊक आहे, आणि परजीवीशास्त्रात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट कोणती असेल तर हीच. लहान पिल्लाने जंताचे पक्व अंडे गिळले की अळी लहान आतड्यात बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदते, रक्तावाटे यकृतात आणि तिथून हृदयामार्गे फुप्फुसात पोचते. मग श्वासनलिकेतून वर चढते, खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येऊन प्रौढ होते. अंडे गिळल्यापासून विष्ठेत नवी अंडी दिसेपर्यंत साधारण चार ते पाच आठवडे लागतात.

मोठ्या कुत्र्यात सुरुवात अशीच होते, पण फुप्फुसात आल्यावर बहुतेक अळ्या वर चढतच नाहीत. त्या रक्ताबरोबर शरीरभर पसरतात आणि स्नायू, यकृत, मूत्रपिंड अशा ऊतींमध्ये वाढ थांबवून पडून राहतात. ना अंडी, ना लक्षणे. विष्ठा तपासणीत काहीही सापडत नाही, आणि नेहमीच्या जंताच्या औषधाचा जोर आतड्यातल्या प्रौढ जंतांवर असल्याने या सुप्त अळ्या त्यातून वाचतात. नर कुत्र्यात त्यांची गोष्ट इथेच संपते.

कुत्री गाभण राहिली की मात्र चित्र पालटते. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. साधारण ४२व्या दिवसाच्या सुमारास सुप्त अळ्या जाग्या होतात, पुन्हा रक्तात उतरतात आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भाच्या यकृतात शिरतात. तिथे त्या जन्म होईपर्यंत थांबतात. पिल्लू जन्मले की फुप्फुसात, तिथून घशात आणि आतड्यात. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचे होते तोवर त्याच्या विष्ठेत अंडी पडू लागतात. काही अळ्या आईच्या दुधातूनही येतात. त्यांना फुप्फुसाची फेरी मारावी लागत नाही, त्या थेट आतड्यात वाढतात. शिवाय सगळ्या अळ्या एकाच वेळी जाग्या होत नाहीत. एकदा झालेल्या लागणीतला साठा पुढच्या वेतांनाही पुरतो. म्हणून "आईला नियमित औषध देतो" हे मालकाचे म्हणणे खरे असूनही पिल्ले जंतांनी भरलेली असू शकतात.

विष्ठा तपासणीचा अर्थ लावताना हे सगळे डोक्यात हवे. तरंगण पद्धतीत विष्ठा संपृक्त मिठाच्या द्रावणात कालवतात. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) १.२०च्या आसपास असते, अंड्याचे त्याहून कमी, म्हणून अंडी वर येऊन कव्हरस्लिपला, म्हणजे वर ठेवलेल्या पातळ काचेला, चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली आधी हवेच्या बुडबुड्यांच्या कडांवर फोकस करा, कारण अंडी त्याच पातळीवर असतात. टॉक्सोकॅराचे अंडे जवळजवळ गोल, ७५ ते ९० मायक्रोमीटरचे. आत गडद तपकिरी ऐवज काठोकाठ भरलेला आणि जाड कवचावर अंगुस्तान्यासारखे बारीक खळगे. कवच गुळगुळीत आणि आतला भाग फिकट दिसला तर ते टॉक्सास्कॅरिस या दुसऱ्या गोलकृमीचे असण्याची शक्यता धरा. पण दोन आठवड्यांच्या पिल्लाच्या नमुन्यात काहीच दिसले नाही, तर त्यावरून जंत नाहीत असे ठरत नाही. अंडी घालणारी मादी अजून तयार झालेली नाही, एवढेच त्यातून कळते. म्हणूनच औषध तपासणीची वाट न पाहता दुसऱ्या आठवड्यात सुरू करतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी देतात, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. एका मात्रेत आतड्यातले जंत मरतात, मागून येणाऱ्या अळ्या नव्हे. आईलाही त्याच वेळी औषध द्यायचे, कारण पिल्लांना चाटून स्वच्छ करताना तिच्याही पोटात लागण जाते.

इथे लसणाविषयी स्पष्ट सांगायला हवे. "नैसर्गिक जंतनाशक" म्हणून पिल्लांना लसूण चारण्याचे सल्ले सर्रास फिरतात. लसणाने गोलकृमी मरतात याला आधार नाही, उलट कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. जंतांनी आधीच अशक्त झालेल्या पिल्लावर असला प्रयोग करणे क्रूरपणाचे आहे. गोड खाल्ल्याने जंत होतात, हीही तशीच निराधार समजूत. जंत अंड्यातून किंवा अळीतून येतात, साखरेतून नाही.

आणि हा विषय कुत्र्यापुरता राहत नाही. १९५० मध्ये अमेरिकी नेत्रविकृतितज्ज्ञ हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांच्या काढून टाकलेल्या डोळ्यांची तपासणी केली. त्यातल्या बऱ्याच डोळ्यांत कर्करोगाचा संशय होता. सापडल्या त्या गोलकृमीच्या अळ्या. दोनच वर्षांनी परजीवीतज्ज्ञ पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या यकृतात टॉक्सोकॅराची अळी ओळखली. माणसात ती प्रौढ होत नाही, नुसती भटकते, आणि इजा होते ती या भटकंतीने.

मात्र ताज्या विष्ठेतल्या अंड्याने लागण होत नाही. आत अळी तयार व्हायला त्याला ओलावा, ऊब आणि साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर ते मातीत वर्षानुवर्षे तग धरते आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. म्हणजे पिल्लाला कुरवाळण्यापेक्षा मुलाचे मातीने माखलेले हात तोंडात जाणे अधिक धोक्याचे, आणि विष्ठा त्याच दिवशी उचलली तर अंड्यांना पिकायला वेळच मिळत नाही. एक मादी जंत दिवसाला लाखभर अंडी घालू शकते, हे लक्षात घेतले की रोजच्या साफसफाईचे मोल कळते.

मांजरीच्या पिल्लांना हे वेळापत्रक जसेच्या तसे लावू नका. मांजरांमधला गोलकृमी, टॉक्सोकॅरा कॅटी, वार ओलांडत नाही, त्याच्या अळ्या दुधातून येतात. म्हणून तिथे पहिले औषध दुसऱ्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात देतात.