अंतर्गत वीजवापराचे लेखापरीक्षण : औष्णिक व सहवीजनिर्मिती केंद्रे

औष्णिक केंद्रात तयार झालेली सगळी वीज बाहेर जात नाही. बॉयलरला पाणी देणारे पंप, भट्टीत हवा लोटणारे आणि धूर ओढून चिमणीत सोडणारे पंखे, इंधन वाहणारे पट्टे, राख काढणारी यंत्रे, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, दिवे हे सगळे चालवायला केंद्राला स्वतःचीच वीज लागते. या वापराला अंतर्गत वीजवापर म्हणतात. कंट्रोल रूममध्ये एवढे लांब नाव कोणी घेत नाही, तिथे नुसते ‘ऑक्झिलरी किती?’ असे विचारतात. जनरेटरच्या टोकाशी मोजलेल्या विजेशी या वापराचे शेकडा प्रमाण काढतात. हे प्रमाण कोणत्या यंत्रामुळे आणि का वाढले हे प्रत्यक्ष मोजून शोधणे आणि ते कमी करण्याचे उपाय ठरवणे म्हणजे त्याचे लेखापरीक्षण.

महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीची कोळशावरची केंद्रे चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ, परळी आणि नाशिकजवळ एकलहरे येथे आहेत. ही नोंद ज्या कोल्हापूर जिल्ह्याला समोर ठेवून लिहिली आहे तिथे तसे केंद्र नाही, आणि राधानगरीला होते ती वीज पाण्याची. तरीही या जिल्ह्यात वाफेवर वीज करणारी घरे कमी नाहीत. शिरोळ, हुपरी, कागल, बिद्री, वारणानगर येथील साखर कारखान्यांत उसाच्या बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यावर, सहवीजनिर्मिती (कोजन) होते : त्याच वाफेतून वीजही होते आणि साखरही शिजते. गव्हाणीत मोळी पडली की गाळपाबरोबर टर्बाइनही फिरू लागते. इंधन वेगळे आणि आकार लहान असला तरी पंप, पंखे आणि त्यांत मुरणारी वीज यांचे गणित चंद्रपूरचेच आहे. म्हणून या नोंदीतली उदाहरणे मुख्यतः कोजन प्रकल्पांतली आहेत.

रेघ कुठे ओढायची? लेखापरीक्षणातला पहिला वाद यंत्रांचा नसतो, हद्दीचा असतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या व्याख्येनुसार अंतर्गत वापरात केंद्राच्या सहायक यंत्रांची वीज आणि केंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरमधला व्यय धरतात. कर्मचाऱ्यांची वसाहत आणि बांधकाम यांना दिलेली वीज त्यात धरत नाहीत. कोळशाच्या केंद्रात ही रेघ बरीच स्पष्ट असते. साखर कारखान्यात ती पुसट होते. बगॅस वाहणारा पट्टा कोजनचा की मिलचा? साठ्यातून परत आणलेल्या बगॅसचा पट्टा कोणाचा? पाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प बॉयलरलाही पाणी देतो आणि कारखान्यालाही, मग त्याची वीज कोणाच्या नावावर? कॉलनीतले दिवे, शाळा, अतिथिगृह पुष्कळदा एकाच फीडरवर, म्हणजे वीज नेणाऱ्या वाहिनीवर, असतात. दोन कारखान्यांचे आकडे शेजारी ठेवून कोण काटकसरी हे ठरवण्याआधी दोघांनी रेघ एकाच जागी ओढली आहे का, हे पाहावे लागते. सहसा ओढलेली नसते.

आकडा कमी दिसला म्हणजे वीज वाचलीच, असेही नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण मोठ्या केंद्रांच्या मानकांतच आहे. २०१९–२४ या काळासाठी आयोगाने २०० मेगावॉट गटातील संचांना ८.५ टक्के मर्यादा दिली. ३०० मेगावॉट आणि त्यावरच्या संचांना फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) वाफेच्या छोट्या टर्बाइनवर असेल तर ५.७५ टक्के आणि विजेच्या मोटारीवर असेल तर ८ टक्के. हा सव्वादोन टक्क्यांचा फरक पंप कशावर चालतो एवढ्यावरून पडतो. वाफेवर चालणारा पंपही ऊर्जा घेतोच, फक्त ती विजेच्या खात्यात दिसत नाही. यांत्रिक झोताचे कूलिंग टॉवर असतील तर आणखी ०.५ टक्के, आणि धुरातला गंधक धुणारी ओली चुनखडी पद्धत बसवली तर सुमारे १ टक्का वाढीव मिळतो. बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीसाठी केंद्रीय आयोगाने दर ठरवताना ८.५ टक्के धरले आहेत.

कारखान्यांत याची दुसरी बाजू घडली. पूर्वी मिल आणि पिळण्याआधी ऊस बारीक तोडणारी यंत्रे वाफेच्या लहान टर्बाइनवर फिरत. त्या टर्बाइन अकार्यक्षम होत्या. त्यांच्या जागी विजेच्या मोटारी आल्यावर वाफ वाचली, एकूण हिशेब सुधारला, पण कारखान्याचा वीजवापर मात्र फुगला. हा भार मिलचा आहे, कोजनच्या ऑक्झिलरीत तो मिसळू नये. मिसळला की चांगले काम वाईट दिसते.

फीड पंप. कोजनमध्ये सर्वांत मोठे गिऱ्हाईक बहुधा हाच असतो. बॉयलरचा दाब ३२ वरून ४५, ६७, ८७ आणि ११० किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत वाढत गेला, तसा त्याच बगॅसपासून जास्त वीज मिळू लागली आणि पाणी त्या दाबात ढकलायला पंपाचा खर्चही चढला. उदाहरणादाखल, ताशी ८० टन वाफेच्या, ६७ किलो दाबाच्या बॉयलरचा पंप ताशी ८५ टन पाणी ९०० मीटर उंच चढवण्याएवढे काम करतो असे धरू. पन्हाळगड कोल्हापूरच्या सपाटीहून चारएकशे मीटर उंच आहे, त्याच्या दुपटीहून ही उंची जास्त. टनांना मीटरने गुणून ३६७ ने भागले की पाण्याला मिळालेली शक्ती किलोवॉटमध्ये येते, इथे सुमारे २०८. मोटार ३४० किलोवॉट घेत असेल तर पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता ६१ टक्के. यात सुधारणेला वाव आहे.

त्याहून जास्त वीज पंपाच्या पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाते. बॉयलरच्या ड्रममध्ये (पाणी-वाफेच्या टाकीत) पाणी सोडणाऱ्या नियंत्रक व्हॉल्व्हवर पाच-सात किलो दाब खर्ची पडला तर चालते. तोच २० असेल तर पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला आहे आणि जादा दाब व्हॉल्व्ह गिळतो आहे. उपाय दोन : मोटारीला व्हीएफडी (वेग बदलणारे विद्युत उपकरण) लावून वेग कमी करणे, किंवा बहुटप्पी पंपाचा एखादा टप्पा काढून टाकणे. दुसरा उपाय स्वस्त आहे, पण तो कायमचा, म्हणून बॉयलर पूर्ण भारावर असताना आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडण्याच्या दाबावरही पाणी पुरेल याची आधी खात्री करावी लागते. खरेदीच्या वेळी सल्लागार दहा टक्के वर धरतो, उत्पादक आणखी दहा धरतो आणि मोटार निवडताना पुन्हा वरचा आकडा घेतला जातो. ही भीतीची बेरीज पुढे वीस वर्षे वीज खाते.

आयडी फॅन. बॉयलरच्या मागच्या अंगाला, चिमणीच्या पायथ्याशी हा धूर ओढणारा पंखा असतो. त्याच्या तोंडाशी डँपर, म्हणजे कमीजास्त उघडता येणारे दार, असतो आणि डँपरच्या दांड्यावर ० ते १०० अशी पट्टी. हंगामात भर पाळीत तिथे उभे राहिले तर पुष्कळ ठिकाणी काटा ४० ते ५० च्या मध्ये दिसतो. मोटार पूर्ण वेगाने फिरते आणि समोर दार अर्धे लावलेले. डँपरच्या अलीकडे आणि पलीकडे ड्राफ्ट (वायूची ओढ) मोजण्याची दोन छिद्रे असतील तर व्यय लगेच हाती येतो. अलीकडे उणे २५० आणि पलीकडे, पंख्याच्या तोंडाशी, उणे ३३० मिलिमीटर पाण्याचा स्तंभ भरला, तर ८० मिलिमीटर नुसत्या दारात गेले. वायूचा प्रवाह सेकंदाला ६० घनमीटर असेल तर हे ४७ किलोवॉट होतात. पंखा ७० आणि मोटार ९४ टक्के कार्यक्षम धरली तर मीटरवर साधारण ७१ किलोवॉट. हंगाम १५० दिवस चालला तर अडीच लाख युनिटांहून जास्त वीज एका अर्धवट लावलेल्या दारात गेली.

पंख्याचा वेग कमी केला तर प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, दाब वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग ८० टक्क्यांवर आणला की तत्त्वतः निम्मीच शक्ती लागते. म्हणून व्हीएफडीचा सर्वांत मोठा लाभ इथे मिळतो. फक्त व्हीएफडी बसवून डँपर तसाच अर्धा ठेवलेला आढळतो, तेव्हा पैसे घालून काही साधत नाही. वेगाने नियंत्रण करायचे तर डँपर पूर्ण उघडा हवा.

पण पंख्याला वायू इतका का ओढावा लागतो, हा त्याआधीचा प्रश्न आहे. इकॉनॉमायझरनंतर (धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागानंतर) धुरात ऑक्सिजन ५ टक्के आणि आयडी फॅनपाशी ९ टक्के आला, तर मधल्या मार्गात बाहेरची हवा शिरते आहे. दोन्हींतला फरक ४, त्याला २१ उणे ९ म्हणजे १२ ने भागून ९० ने गुणले की गळती ३० टक्के निघते. हवातापकाच्या (धुराने भट्टीची हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) गंजलेल्या नळ्या, धूरमार्गाचे फाटलेले लवचीक सांधे (एक्स्पान्शन जॉइंट), नीट न बसलेली मॅनहोलची झाकणे, राखेच्या हॉपरचे उघडे तोंड ही तिची ठिकाणे. पेटती मेणबत्ती किंवा उदबत्ती जॉइंटजवळ धरली की धूर आत ओढला जातो. एवढी साधी तपासणी महागड्या उपकरणाइतकीच उपयोगी पडते.

बगॅसचा ओलावाही इथेच बाधतो. साधारण ५० टक्के ओलावा गृहीत असतो. शेवटच्या मिलचे सेटिंग ढिले पडून तो वाढला की तेवढ्याच वाफेला जास्त बगॅस जाळावा लागतो, पाण्याची वाफ होऊन धूर फुगतो आणि पंख्यावर भार येतो. पावसात तोडलेल्या उसाबरोबर आलेली माती-वाळू पंख्याची पाती घासते आणि कार्यक्षमता उतरवते. म्हणजे बॉयलर विभागाच्या मीटरवर दिसणारा दोष कधी मिल विभागाचा असतो, तर कधी तोडणीचा. हे बैठकीत सांगणे मोजण्यापेक्षा अवघड.

मोजणी. लेखापरीक्षक प्रथम एकरेषीय आकृतीवरून (विद्युत जोडणीच्या नकाशावरून) कोणती मोटार कोणत्या फीडरवर आहे हे ताडतो. मग मोठ्या प्रत्येक मोटारीवर पॉवर अ‍ॅनालायझर लावून किलोवॉट, पॉवर फॅक्टर (विद्युतप्रवाहाचा प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) आणि भाराचे प्रमाण नोंदवतो. पाण्याचा प्रवाह नळीबाहेरून लावायच्या अल्ट्रासॉनिक मीटरने आणि वायूचा पिटो नळीने मोजतात. नुसत्या अँपिअरवरून शक्ती काढू नये, कमी भारावर पॉवर फॅक्टर घसरतो आणि उत्तर चुकते. केंद्रातल्या जुन्या मीटरांवर विसंबण्याआधी सीटीचे (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर तपासणे आवश्यक असते. पॅनेलमध्ये २००/५ चा सीटी आणि मीटरमध्ये १५०/५ ची नोंद असेल तर वापर वर्षानुवर्षे पाव हिस्सा कमी दिसत राहतो. सर्व यंत्रांची बेरीज आणि एकूण अंतर्गत वापर यांत मोठी तफावत राहिली, तर आधी ती शोधायची. उपायांची यादी नंतर.

भाराचाही विचार लागतो. २० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर १.७ मेगावॉट घेत असेल तर प्रमाण ८.५ टक्के. ऊस कमी पडून निर्मिती १२ वर आली आणि यंत्रांचा वापर १.४ वरच अडला, तर तेच ११.७ टक्के होते. यंत्रे तीच, चालवणारेही तेच. सौर विजेला जागा करून देण्यासाठी दुपारी भार उतरवावा लागणाऱ्या कोळसा केंद्रांनाही आता हेच भोवते.

इतर ठिकाणे. दाबहवेची गळती कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर चालवून मोजता येते. कोणी हवा वापरत नसताना तो भार घेतो आणि सोडतो, त्या वेळांच्या प्रमाणावरून गळती निघते. कूलिंग टॉवरच्या पंख्यांना हलकी फायबरची पाती लावल्याने वीज वाचते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री एखादा पंखा बंदही ठेवता येतो, मात्र टर्बाइनची वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची निर्वात पातळी उतरली तर वाचले त्याहून जास्त टर्बाइनमध्ये जाते. जळालेल्या मोटारी रिवाइंड करताना जुनी तार उघड्या ज्वाळेने जाळून काढली तर गाभ्याच्या पत्र्यांमधले इन्सुलेशन बिघडते आणि ती मोटार पुढे कायम जास्त वीज घेते. पंपाचे फिरते चक्र (इम्पेलर) घासून व्यास कमी करणे हे मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर सहज होणारे काम आहे. एलईडी दिव्यांचा वाटा लहान असतो. वार्षिक अहवालात फोटो मात्र त्यांचाच येतो.

कायदा. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ च्या अनुसूचीत औष्णिक केंद्रे आणि साखर उद्योग दोन्ही आहेत. ऊर्जा दक्षता ब्यूरो १ मार्च २००२ रोजी स्थापन झाला. ऊर्जा लेखापरीक्षक होण्यासाठी त्याची राष्ट्रीय परीक्षा असते. महाराष्ट्रात या कायद्याची नामनिर्देशित संस्था महाऊर्जा आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट’ या ऊर्जाबचतीची लक्ष्ये देणाऱ्या योजनेच्या पहिल्या फेरीत औष्णिक केंद्रांना निव्वळ उष्णतादराचे (बाहेर पाठवलेल्या प्रत्येक युनिटमागे लागलेल्या उष्णतेचे) लक्ष्य मिळाले, त्यामुळे अंतर्गत वापरातील बचत त्या लक्ष्यात आपोआप मोजली जाते. साखर उद्योग त्या फेरीत नव्हता.

वाचलेल्या युनिटचे काय होते? कोळशाच्या केंद्रात ते ग्रिडला जाते किंवा तेवढा कोळसा वाचतो. कारखान्यात टर्बाइन बॅकप्रेशरचा (सगळी वाफ पुढे साखर शिजवायला देणारा) असेल तर निर्मिती साखर शिजवायला लागणाऱ्या वाफेवर बांधलेली असते, म्हणून वाचलेले युनिट सरळ एक्सपोर्ट मीटरमधून बाहेर पडते. एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाइन (काही वाफ मधून काढून देणारा, उरलेली कंडेन्सरमध्ये सोडणारा) असेल तर वीज विकायची की बगॅस शिल्लक ठेवायचा, ही निवड राहते, आणि हंगामाअखेर बगॅसला भाव असला तर दुसरी बाजूही फायद्याची ठरते.

मोजणी गाळप चालू असतानाच करावी लागते आणि दुरुस्ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. जानेवारीत सापडलेली गळती बहुधा एप्रिलनंतर बुजवली जाते, आणि ती बुजली की नाही हे पुढच्या हंगामात बॉयलर पेटवल्यावर, म्हणजे अग्निप्रदीपनानंतर, कळते. तेव्हाही पहिल्या काही आठवड्यांचे आकडे तुलनेला घेत नाहीत. ऊस अपुरा येतो, मिल थांबत-चालत असते आणि बॉयलर एका भारावर टिकत नाही.