फाइल फोल्डरमध्ये पडल्यावर काय काय घडतं

मुलाखतीचं रेकॉर्डिंग क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये टाकायचं आणि थोड्या वेळात दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याची एमपी३ तयार मिळायची, मध्ये कुणी हात लावायचा नाही. ही सोय आता कोडिंग न येणाऱ्यालाही तासाभरात उभी करता येते. झॅपियर, मेक, एन८एन अशी साधनं स्टोरेज आणि रूपांतर करणारं अ‍ॅप एकमेकांना जोडून देतात.

गरज किती खरी आहे ते आकड्यांतून कळतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. म्हणजे तासाभराची डब्ल्यूएव्ही (न आवळलेल्या आवाजाची) फाइल सुमारे ६३५ एमबी होते. तोच आवाज १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिटांच्या) एमपी३मध्ये ५८ एमबीच्या आत बसतो.

पण फोल्डरमध्ये नवी फाइल आली, हे ऑटोमेशनला, म्हणजे या साधनांनी उभ्या केलेल्या आपोआप चालणाऱ्या साखळीला, कळतं कसं? एक मार्ग म्हणजे दर काही मिनिटांनी स्टोरेजला विचारत राहायचं. याला पोलिंग म्हणतात. बहुतेक वेळा उत्तर ‘नवीन काही नाही’ असंच येतं. दुसरा मार्ग वेबहुकचा: काही बदललं की स्टोरेजच ठरलेल्या पत्त्यावर निरोप धाडतं. हे नाव २००७ साली जेफ लिंडसे यांनी रूढ केलं. या सगळ्यात आपला पासवर्ड कुणाला द्यावा लागत नाही. ओऑथ २.० या २०१२च्या मानकाप्रमाणे ऑटोमेशनला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी परवानगीची चिठ्ठी, मिळतं, आणि ते आपल्याला हवं तेव्हा रद्द करता येतं. शक्य असेल तिथे परवानगी एकाच फोल्डरपुरती द्यावी; अख्खं स्टोरेज मोकळं करून देण्याचं काहीच कारण नाही.

व्हिडिओचं रूपांतर मात्र झटपट होत नाही, आणि तेवढा वेळ वेब कनेक्शन धरून ठेवणं बरोबर नाही. म्हणून रूपांतर करणारी सेवा फाइल घेऊन लगेच एक जॉब क्रमांक देते. काम संपलं की ती कळवते, आणि मग ऑटोमेशन तयार फाइल उचलून स्टोरेजमध्ये ठेवतं. डाउनलोडची लिंक बहुधा ठरावीक वेळच चालते, त्यामुळे ही शेवटची पायरी रेंगाळली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

सर्वांत घातक चूक दिसायला अगदी साधी असते: तयार फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवणं. ऑटोमेशनच्या लेखी तीही नवीच फाइल. ती पुन्हा रूपांतराला जाते, तिच्यातून आणखी एक निघते, आणि महिन्याचा कोटा संपेपर्यंत हे चक्र चालू राहतं. शिवाय एमपी३ कानाला न जाणवणारे तपशील टाकून देऊनच लहान होते, आणि टाकलेलं परत मिळत नाही. प्रत्येक फेरीत आवाज आणखी बिघडतो. आवक आणि जावक फोल्डर वेगळे ठेवावेत, आणि मूळ फाइल पुसणारी पायरी तर या साखळीत असूच नये, असं माझं ठाम मत आहे.

एमओव्हीची एमपी४ करताना बऱ्याचदा रूपांतराची गरजच नसते. ही दोन्ही नावं वेष्टनाची आहेत, म्हणजे चित्र आणि आवाज ज्यात एकत्र ठेवतात त्या फाइल-प्रकारांची. आतलं चित्र एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीने आवळलेलं असेल तर ते तसंच उचलून नव्या वेष्टनात ठेवता येतं. २०००पासून विकसित होत असलेलं एफएफएमपेग हे मुक्त साधन हे काम फार चटकन करतं, दर्जा तसूभरही न घटवता. सेवेच्या सेटिंगमध्ये ‘कॉपी’चा पर्याय असेल तर आधी तोच वापरून पाहावा.

आणखी एक तपासणी मी प्रत्येक साखळीत घालायला सांगेन. काही सर्व्हरवर फाइल पूर्ण चढण्याआधीच तिचं नाव दिसू लागतं. ऑटोमेशन ती अर्धीच उचलतं, आणि रूपांतर कुठलीही तक्रार न करता पार पडू शकतं. म्हणून फाइलचा आकार वाढायचा थांबला का ते पाहूनच ती पुढे सोडावी. काम झाल्यावर मूळ रेकॉर्डिंग किती सेकंदांचं आहे आणि तयार फाइल किती सेकंदांची, हेही ताडून बघावं. फरक एखाद्या सेकंदापेक्षा जास्त निघाला तर तिथेच थांबून माणसाला कळवावं.