प्रदर्शनातला कोंबडा आणि त्याची न दिसणारी भावंडं : जातिमानकांची पार्श्वभूमी

प्रदर्शनात पहिला आलेला, अंगभर आडवे पट्टे असलेला बार्ड प्लिमथ रॉक कोंबडा घ्यायचा, त्याच जातीची पहिली आलेली कोंबडी घ्यायची, जोडी लावायची आणि पुढच्या हंगामातल्या बक्षिसांची वाट पाहायची. प्रदर्शनासाठी जातिवंत कोंबड्या पाळायला निघालेल्या नवशिक्याचा हा ठरलेला बेत, आणि या जातीत तो बहुतेक वेळा फसतो. नर हवे त्यापेक्षा फिके निघतात, माद्या हव्या त्यापेक्षा गडद. विकणाऱ्याने फसवलेलं नसतं, खाद्यातही खोट नसते. गोम आहे ती एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या एका अपेक्षेत.

फार मागे जायची गरज नाही. इंग्लंडमध्ये १८३५ साली कायद्याने झुंजींवर बंदी आली, आणि कोंबडा पारखणाऱ्यांच्या हौसेला दुसरी वाट हवी होती. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. त्याच सुमारास चीनमधून आलेल्या अंगापिंडाने थोराड, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्यांनी लोकांना वेड लावलं. १८४९च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बोस्टनच्या सार्वजनिक बागेत झालेल्या प्रदर्शनाला दहा हजारांवर माणसं लोटली. पक्ष्यांच्या किमती चढल्या आणि काही वर्षांतच कोसळल्या. मागे उरला तो एक प्रश्न : पहिला नंबर कशाच्या जोरावर द्यायचा? परीक्षकाची मर्जी हेच तेव्हा माप होतं.

ब्रिटनमध्ये १८६५ साली मोजक्या जातींचं लेखी मानक, म्हणजे आदर्श पक्षी कसा असावा याचं वर्णन, निघालं. अमेरिकेत १८७३ साली खास त्या कामासाठी संस्था उभी राहिली आणि दुसऱ्याच वर्षी तिचं मानक छापून आलं. तुरा, डोळे, कानाच्या पाळ्या, पाठीचा उतार, शेपटीचा कोन, पायांचा रंग, वजन, प्रत्येकाला गुण ठरले आणि बेरीज १००. सुरुवातीला परीक्षक खरोखर गुणपत्रिका भरत. पुढे पक्षी शेजारीशेजारी ठेवून तुलनेने नंबर काढायची पद्धत रुळली. बादच करायचे दोषही लिहिले गेले : एकेरी तुऱ्याला बाजूने फुटलेला कोंब, एका बाजूला कललेली शेपटी, पिसं नसायला हव्या त्या पायाच्या नळीवर उगवलेलं एखादं पीस.

लेखी अपेक्षेचा जोर किती असतो, हे स्पॅनिश जातीत दिसलं. तिच्या कोंबड्याचा तुरा आधी लोंबायचा. तो ताठ हवा असं परीक्षकांनी ठरवलं आणि काही वर्षांतच तो ताठ झाला. उत्क्रांतीच्या अभ्यासकांनीही निवडीचा दाखला म्हणून याची नोंद घेतली. त्याच जातीत चेहरा पांढरा हवा होता. तो अधिकाधिक पांढरा आणि पसरट करण्याच्या नादात जात इतकी नाजूक झाली की पिल्लं जगवणं जिकिरीचं होऊन बसलं. मानकाने मागितलं ते मिळतं, न मागितलेलं निसटतं.

आता बार्ड रॉककडे. १८७४च्या पहिल्या अमेरिकी मानकापासून ही जात त्यात आहे. अंगभर काळसर आणि पांढुरके आडवे पट्टे, पिसाच्या टोकापासून बुडापर्यंत सरळ आणि रेखीव. कोंबडा आणि कोंबडी पिंजऱ्यात शेजारी ठेवली की एकाच छटेची दिसली पाहिजेत, अशी अपेक्षा प्रदर्शनांत रूढ झाली. दिसायला ती निरुपद्रवी आहे. जोडी सारखी दिसावी, यात कोणाला काय खटकणार? पण एकाच कळपातून हे जमेना. माद्यांची छटा साधली की त्यांचे भाऊ फिके पडत. नरांची साधली की बहिणी जवळपास काळ्या.

यावर अनुभवी पैदासकारांनी काढलेली तोड म्हणजे दुहेरी जोड. एकाच जातीचे दोन वेगळे वंश ठेवायचे. एकात प्रदर्शनाचे नर पैदा करायचे. त्यातल्या माद्या गडद, प्रदर्शनात न चालणाऱ्या. दुसऱ्यात प्रदर्शनाच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, पैदा करायच्या. त्यातले नर फिके, तेही न चालणारे. एकोणिसावं शतक संपेपर्यंत उबवणीची अंडी ‘नरांच्या वंशाची’ आणि ‘तलंगांच्या वंशाची’ अशी वेगवेगळी विकली जाऊ लागली होती. पिंजऱ्यांच्या रांगेसमोरून फिरणाऱ्याला मात्र एकच जात दिसे. पहिला कोंबडा आणि पहिली कोंबडी यांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही, हे पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत कुठेच लिहिलेलं नसे.

यावरून वाद झडले. दुहेरी जोडीचे समर्थक म्हणत, हीच पैदासकाराची खरी कसोटी. सोपं असतं तर बक्षिसाला किंमत काय राहिली असती? विरोधकांचं म्हणणं होतं की, ही जातीच्या नावाखाली दाखवलेली नजरबंदी आहे, आणि एका वंशापुरती जागा असलेल्या छोट्या पाळणाऱ्याला ती बाहेर ढकलते. दोन वंशांना जागा, खुराडी, खाद्य सगळंच दुप्पट लागतं, त्यामुळे विरोधकांचं पारडं मला जड वाटतं.

विज्ञानाचा निकाल १९०८ साली आला, तोही याच पट्ट्यांवरून. पट्ट्यांचा गुण लिंगगुणसूत्राबरोबर जातो, हे तेव्हा दाखवलं गेलं. पक्ष्यांमध्ये नराकडे झेड गुणसूत्रं दोन, मादीकडे एकच. पट्ट्यांचं जनुक झेडवर बसलेलं. म्हणून शुद्ध वंशाच्या नराला त्याची मात्रा दुप्पट मिळते, पांढरे पट्टे रुंदावतात आणि पक्षी फिका दिसतो. नर आणि मादी सारख्या छटेची हवी ही मागणी जातीच्या घडणीच्याच विरोधात होती. हे कळल्यावर अपेक्षा लगेच बदलली असती, तर पुढचा बराच मनस्ताप टळला असता. तसं झालं नाही. तोवर बक्षिसं, वंश आणि पैसा सगळं जुन्या अपेक्षेत गुंतलेलं होतं.

ब्राउन लेगहॉर्नमध्ये हाच पेच होता आणि अमेरिकेत तो शहाणपणाने सुटला. नरांच्या वंशाला गडद तपकिरी आणि तलंगांच्या वंशाला फिका तपकिरी असं म्हणत दोन्ही स्वतंत्र उपजाती मानल्या गेल्या, दोन्हींतले नर आणि माद्या दाखवता येऊ लागले. ब्रिटनमध्ये पेन्सिल्ड हॅम्बर्ग आणि पार्ट्रिज वायनडॉट यांसारख्यांत दुहेरी जोड चालूच राहिली. नर आणि मादी खरोखर सारखी दिसणारी जातही आहे, ती म्हणजे सिब्राइट बॅन्टम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज उमरावाने ती घडवली. तिच्या नराला कोंबड्याची लांब वळलेली शेपूट आणि मानेची टोकदार पिसं येतच नाहीत. पण तिथेही प्रजननाचं दुखणं मागे लागलेलं आहे.

ही अडचण एकट्या बार्ड रॉकची असती तर तिच्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. अंडालुशियन घ्या. मानकात तिचा रंग फक्त निळा. निळ्याला निळी लावली की सरासरी अर्धी पिल्लं निळी, पाव काळी, पाव पांढुरक्या अंगावर शिंतोडे असलेली. मागच्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकीचे पहिले धडे गिरवणाऱ्यांनी हे कोडं उलगडलं : निळा रंग शुद्ध होतच नाही. उलट काळ्याला शिंतोडेवाली लावली की सगळी पिल्लं निळी. ज्या दोन रंगांना मानकात जागा नाही, त्यांच्या जोडीतूनच मानकातला रंग शंभर टक्के मिळतो.

वायनडॉटचं दुखणं तुऱ्याचं. १८८३ साली मानकात आलेल्या या जातीला गुलाबतुरा, म्हणजे रुंद, बारीक उंचवट्यांचा तुरा हवा, एकेरी तुरा बाद. तरीही दर काही पिढ्यांनी एकेरी तुऱ्याची पिल्लं निघतातच. गुलाबतुऱ्याच्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या नराचे शुक्राणू मंद असतात. एकच प्रत असलेला नर त्याला मागे टाकतो, आणि एकेरी तुरा लपून पुढे जात राहतो. जुने पैदासकार एखादी एकेरी तुऱ्याची कोंबडी मुद्दाम राखत ती अनुभवाने. त्यामागचं कारण २०१२ साली जनुकाच्या पातळीवर स्पष्ट झालं. म्हणून मुरलेले लोक पिल्लू अंड्यातून निघताच बोटांमधल्या पडद्याला खुणेचं भोक पाडतात आणि कोण कोणाचं हे वहीत टिपून ठेवतात. पक्ष्याच्या रूपावरून वंश कळत नाही.

दरम्यान कोंबडीचा धंदा दुसऱ्या रस्त्याने गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंडी मोजण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि देखण्या कोंबडीऐवजी घालणारी कोंबडी जिंकू लागली. १९१८ पासून अमेरिकेच्या टपालखात्याने एक दिवसाची पिल्लं न्यायला सुरुवात केली. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, त्यामुळे उबवणी केंद्रांना देशभर ग्राहक मिळाले. तिथे निवड अंड्यांच्या आणि उबवणीच्या हिशेबाने होई. पट्टा सरळ आहे का, हे कोण बघणार? ऱ्होड आयलंड रेड या एकाच नावाखाली आज दोन पक्षी दिसतात : प्रदर्शनाचा गडद महोगनी, लांबट विटेसारखा, उबवणी केंद्रातला फिक्या तांबूस रंगाचा, लहानखुरा, अंड्यांना चांगला. नवशिक्याच्या हाती बहुधा दुसराच लागतो. १९४८ साली अमेरिकेत मांसल कोंबडीची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराने बाजी मारली. पुढे कॉर्निश नर आणि व्हाइट रॉक मादी यांच्या वंशांवर ब्रॉयलर उभा राहिला, आणि शुद्ध जाती हौशी लोकांच्या परसात उरल्या.

त्यांना ‘हेरिटेज’ हे बिरुद मिळालं ते बऱ्याच नंतर. २००९ साली अमेरिकेतल्या एका जतनसंस्थेने व्याख्या केली : विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी मानकात आलेली जात, नैसर्गिक समागमातून पैदास, बाहेर मोकळ्यावर दीर्घ आयुष्य, कोंबडी पाच ते सात वर्षं उपयोगी राहावी, आणि सावकाश वाढ, बाजारात जायला किमान सोळा आठवडे. बाजारातल्या भोंगळ लेबलांना आळा घालायला हे हवंच होतं. पण जातीचे गुण मानकाशी जुळावेत, ही अटही त्यात आली. प्रदर्शनाच्या पिंजऱ्यासाठी लिहिलेलं माप असं जतनाचं माप झालं. मग नरांच्या वंशातली ती गडद तलंग, काळा अंडालुशियन, एकेरी तुऱ्याची वायनडॉट यांचं काय? जात त्यांच्यावरही टिकते आणि व्याख्येच्या अक्षरापुढे त्या उण्या ठरतात. असीलचं तर आणखीच वेगळं : भारतातली ही झुंजीची जात या सगळ्या मानकांहून कितीतरी जुनी, पण अमेरिकी मानकात तिला जागा मिळाली १९८१ साली.

अलीकडे बर्ड फ्लूमुळे प्रदर्शनांनाच खीळ बसली आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कोंबड्यांची प्रदर्शनं रद्द केली. नंतर ब्रिटनमध्ये पक्षी बंदिस्त ठेवण्याचे आदेश निघाले आणि पक्षी एकत्र आणण्यावर निर्बंध आले. अशा काळात परीक्षकाची नजर पक्ष्यांवर पडत नाही, वंशांची देवाणघेवाण थांबते. दुहेरी जोडीतला एखादा वंश दोघा-तिघांच्याच खुराड्यात उरला असेल, तर तो एवढ्यातच संपू शकतो.