डेन्मार्कचा राजा आणि पिवळा तारा: दंतकथेला पर्यायी इतिहास म्हणू नका

नाझींनी ज्यूंवर ओळखखूण म्हणून कपड्यांवर पिवळा तारा लावायची सक्ती केली, तेव्हा डेन्मार्कचा राजा दहावा क्रिस्टियान स्वतःच तो तारा लावून घोड्यावरून कोपनहेगनभर फिरला, ही गोष्ट अधूनमधून कुणीतरी पाठवतंच. हे घडलेलं नाही असं सांगितलं की उत्तर तयार असतं: "बरं, मग पर्यायी इतिहास समजा." नाही समजणार.

दंतकथा म्हणजे काय हे सांगायला नको, आपण तीवरच वाढलोय. डेन्मार्कमध्ये तारा कधी सक्तीचा झालाच नाही, एवढं पुरे. घोडा मात्र खरा. जर्मन आल्यावरही राजा पहारेकऱ्यांशिवाय रोज रपेट मारायचा, ऑक्टोबर १९४२ मध्ये घोड्यावरून पडेपर्यंत. बीजही खरं आहे. अशी मागणी आलीच तर आपण सगळ्यांनीच तारा लावावा, असं त्याने १९४१ मध्ये रोजनिशीत लिहिलं होतं. जानेवारी १९४२ मध्ये एका स्वीडिश वृत्तपत्रात याच कल्पनेवर व्यंगचित्र आलं. पुढे तोंडोतोंडी 'आलीच तर' गळून पडलं.

लोक अडखळतात ते इथेच. दंतकथा आणि पर्यायी इतिहास, दोन्हींत न घडलेलं सांगितलेलं असतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण दंतकथा 'हे घडलं' म्हणते आणि राजाला टाळ्या मिळाल्या की थांबते. पर्यायी इतिहास 'हे घडलं नाही' अशी कबुली देऊन सुरू होतो. खरोखर दोन वाटा फुटत होत्या असा एक क्षण निवडतो, तेवढाच बदलतो आणि मग पुढचे परिणाम, नको असले तरी, पत्करतो.

क्रिस्टियानच्या कारकिर्दीत (१९१२ ते १९४७) असा क्षण आहे: ९ एप्रिल १९४०. त्या दिवशी जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे दोन्हींवर हल्ला केला. डेन्मार्कने काही तासांत शस्त्रं ठेवली. नॉर्वेच्या राजाने तिथला नाझीधार्जिणा पुढारी क्विस्लिंग याला पंतप्रधान नेमायला नकार दिला आणि जूनमध्ये तो लंडनला गेला. हा राजा सातवा हाकोन, म्हणजे क्रिस्टियानचा सख्खा धाकटा भाऊ! एवढी आयती तुलना इतिहास सहसा देत नाही.

मग क्रिस्टियाननेही देश सोडला असता तर? 'राजाने लढायचा हुकूम दिला असता' ही माझ्या मते आळशी मांडणी. १९२० मध्ये त्याने स्वतःच्या मर्जीने मंत्रिमंडळ बडतर्फ केलं होतं आणि सार्वत्रिक संपाच्या धमकीपुढे त्याला माघार घ्यावी लागली होती. त्यानंतर मंत्र्यांना डावलून हुकूम सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. शिवाय सपाट डेन्मार्कची हद्द थेट जर्मनीला भिडलेली. नॉर्वेसारखे डोंगर कुठून आणायचे?

पण मंत्र्यांसह तो निसटला, असं धरू. टाळ्या इथे थांबतात. नॉर्वेप्रमाणे डेन्मार्कवरही बहुधा जर्मन आयुक्त बसला असता. नॉर्वेतून सातशेहून अधिक ज्यू हद्दपार झाले, त्यातले मोजकेच परतले. डेन्मार्कमध्ये सरकारने जर्मनांशी जमवून घेतलं होतं, म्हणून ज्यूंना ऑगस्ट १९४३ पर्यंत फारसा हात लागला नाही. त्या महिन्यात सरकार पायउतार झालं. ऑक्टोबरात धरपकड सुरू झाली तेव्हा आधीच बातमी फुटलेली होती आणि स्वीडनने दार उघडलं होतं. सात हजारांहून अधिक लोक समुद्र ओलांडून वाचले. पाचशेच्या आत लोक पकडून टेरेझिनच्या नाझी छळछावणीत नेले गेले. म्हणजे राजाचा बाणेदारपणा त्याच लोकांच्या जिवावर बेतला असता, अशी दाट शक्यता आहे. हा अस्वस्थ करणारा प्रश्न पिवळ्या ताऱ्याची गोष्ट विचारूच शकत नाही.

आणि आइसलँड विसरणारा पर्यायी इतिहास मी पुढे वाचत नाही. क्रिस्टियान तिथलाही राजा होता. मे १९४० मध्ये ब्रिटिशांनी ते बेट ताब्यात घेतलं आणि १७ जून १९४४ रोजी, राजा जर्मनांच्या कब्जात असताना, ते प्रजासत्ताक झालं. तो लंडनमध्ये मोकळा बसला असता, तर आइसलँडच्या लोकांनी त्याचा मुकुट इतक्या सहज उतरवला असता का, ते आधी लिहा.